दान, दाखला आणि दोन टक्के

कन्नड तालुक्यात गौताळ्याच्या जंगलाला लागून पितळखोऱ्याची लेणी आहेत. अजिंठा-वेरूळला जाणाऱ्या गाड्या इकडे फारशा वळत नाहीत. इथल्या चैत्यगृहातल्या दोन खांबांवर ब्राह्मी अक्षरांत देणगीदारांची नोंद आहे. एक खांब पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाच्या, म्हणजे अत्तरे आणि सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याच्या, घराण्याने दिला. दुसरा पैठणच्याच संघकाच्या मुलांनी दिला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पैठणचा व्यापारी डोंगर चढून इथवर आला, एका खांबाचे पैसे दिले आणि त्यावर नाव कोरून घेतले. गावच्या देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर ‘सौजन्य’ लिहून घेणाऱ्यांचा हा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही.

पितळखोऱ्याच्या खांबावर सरकार दिसत नाही. ते बघायला नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत जावे लागते. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने तिथल्या भिक्षूंना २०० निवर्तने शेत दिले आणि त्याचा हुकूम भिंतीवर कोरला गेला. त्यातला दानाचा भाग छोटा आहे, अटींचा मोठा. राजाच्या माणसांनी या शेतात शिरायचे नाही, त्याला हात लावायचा नाही, मिठासाठी ते खणायचे नाही, मुलखाच्या अंमलदारांनी त्यात ढवळाढवळ करायची नाही. महसूल खात्याने हात आखडता घेतला, म्हणून त्या शेताला दान म्हणून किंमत आली. पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. सहा वर्षांनी दुसरा हुकूम निघाला. दिलेले शेत कसले जात नाही, ते गावच ओस पडले आहे, असे राजाच्या कानावर आले. मग त्याबदली शहराच्या शिवेवरच्या सरकारी जमिनीतली १०० निवर्तने दिली गेली. दिलेले दान चालते आहे की नुसते कागदावर आहे, हे सहा वर्षांनी तपासणारे सरकार आजही सहज सापडत नाही.

त्याच डोंगरात गौतमीपुत्राच्या आधीचा आणखी एक लेख आहे, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा. त्याने ३,००० कार्षापणे गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. २,००० महिना शेकडा एक व्याजाने, १,००० महिना शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधी परत घ्यायचे नाही, फक्त व्याज भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि किरकोळ खर्चासाठी वापरायचे. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला गेला आणि रीतसर नोंदवला गेला. आजचा कोणताही विश्वस्त हे वाचून म्हणेल, हा तर कॉर्पस फंड.

करमाफी, नोंद आणि दिलेले टिकेल याची हमी, ही दान वाढवण्याची सरकारी हत्यारे इतकी जुनी आहेत. नंतरच्या सरकारांनी त्यांत दोनच भर टाकल्या, एक सक्ती आणि दुसरी भागीदारी. यांपैकी माणसाचा हात खिशाकडे नेमका कशाने जातो, हे या प्रकरणात पाहू.

छत्रपती संभाजीनगर शहरातली पाणचक्की पाहायला जाणारे लोक पाण्यावर फिरणारे जाते पाहून परततात. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांनी कित्येक किलोमीटर आणले गेले आणि त्यावर फकीर-प्रवाशांसाठी पीठ दळले गेले. हे टिकले याचे कारण नळांच्या बांधणीत आहे तसे कायद्यातही आहे. वक्फ केलेली मालमत्ता विकायची नाही, वाटायची नाही, वारसांनी परत मागायची नाही, ही त्यातली मूळ कल्पना. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे मुख्यालय याच पाणचक्कीत आहे. अशा मालमत्तांवरची अतिक्रमणे आणि न्यायालयातले वाद हा वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे, पण त्यातून एक गोष्ट दिसते. हमी देणारी यंत्रणा ढिली पडली की शंभर वर्षांपूर्वीचे दान तर बुडतेच, उद्या देणाराही बिचकतो.

वेरूळचे घृष्णेश्वर मंदिर आज दिसते ते होळकरांच्या जीर्णोद्धारामुळे. अहिल्याबाईंची दानधर्माची कामे खासगीच्या उत्पन्नातून झाली, दौलतीच्या तिजोरीतून नव्हे. राज्यकर्त्याने स्वतःच्या पैशाने दान करणे आणि प्रजेच्या पैशाने करणे यांतला फरक त्यांना नीट कळत होता. आज सरकारी योजनेच्या फलकावर मंत्र्याचा फोटो पाहताना तो आठवतो.

आता आधुनिक काळात येऊ. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यात लोकांनी वर्गणी काढून शाळा काढायची म्हटले, तरी सरकारी परवानगीचा अडसर होता. १९१५मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सुरू झालेली सरस्वती भुवन शाळा अशा वातावरणात वाढली. सरकार दानाला उत्तेजन देऊ शकते तसा त्याचा गळाही आवळू शकते, हे या भागाने पाहिले आहे. मुंबई राज्यात १९५०मध्ये सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा झाला. मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर तो इथेही लागू झाला. धर्मादाय आयुक्त, न्यासाची नोंदणी, दरवर्षीचे लेखापरीक्षण, विश्वस्त बदलले की ‘चेंज रिपोर्ट’, ही सगळी यंत्रणा त्यातून आली. आज त्याचे नाव महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. देवळापासून दवाखान्यापर्यंत सर्वांना एकाच दप्तरात आणणारा असा कायदा देशातल्या बहुतेक राज्यांकडे नाही. गणपती मंडळाला वर्गणी गोळा करायलाही या कार्यालयाची परवानगी लागते, ती कलम ४१ क खाली.

या कायद्याचा हेतू दात्याला खात्री देणे हा होता. प्रत्यक्षात न्यासाच्या सचिवाला विचाराल तर तो आधी चेंज रिपोर्टची कहाणी सांगेल. विश्वस्त मंडळात तंटा असला की बदलाचा अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतो. तोवर बँक नव्या सह्या घेत नाही आणि मोठा देणगीदार ‘आधी तुमचे मिटू द्या’ म्हणून थांबतो. माझ्या मते दान वाढवण्याचा सर्वांत स्वस्त सरकारी उपाय म्हणजे हे अर्ज वेळेत निकाली काढणे. त्याला नवी योजना लागत नाही, बोधचिन्ह लागत नाही आणि उद्घाटनाची फीत तर नाहीच नाही.

दानाचे सरकारी धोरण म्हटले की सुशिक्षित माणसाला मात्र पहिल्यांदा आठवते ती ‘ऐंशी-जी’ची पावती. आयकराच्या १९६१च्या कायद्यात १९६७च्या दुरुस्तीने आलेले हे कलम. त्याचा हिशेब एकदा करून पाहू. जुन्या करपद्धतीत ३० टक्क्यांच्या टप्प्यात बसणाऱ्या डॉक्टरने मान्यताप्राप्त संस्थेला १०,००० रुपये दिले. बहुतेक संस्थांना ५० टक्के वजावट असते, म्हणजे त्याचे करपात्र उत्पन्न ५,०००ने कमी झाले आणि उपकरासह १,५६० रुपये कर वाचला. त्याला ते दान ८,४४० रुपयांना पडले, उरलेले सरकारने भरले. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या शिक्षकाने तेवढेच दिले तर सरकार १,०४० रुपये भरते. वाळूजच्या कारखान्यातल्या, कराच्या जाळ्यातच न येणाऱ्या कामगाराने पोटाला चिमटा घेऊन दिले तर सरकारचा वाटा शून्य. ज्याच्याकडे जास्त, त्याच्या दानाला सरकारची साथही जास्त.

इंग्लंडने १९९०मध्ये ‘गिफ्ट एड’ची पद्धत आणली, तिची रचना उलटी आहे. करदात्याने संस्थेला १०० पौंड दिले की संस्था सरकारकडून आणखी २५ पौंड मागून घेते. दात्याला विवरणपत्रात काही शोधावे लागत नाही, एका अर्जावर सही केली की झाले. आणि ते पैसे संस्थेच्या हातात पडतात. सिंगापूरने दुसरे टोक गाठले आहे. तिथे पात्र संस्थेला दिलेल्या रकमेच्या अडीचपट वजावट मिळते. हंगेरीने १९९६मध्ये लोकांना आपल्या आयकरातला एक टक्का पसंतीच्या संस्थेकडे वळवायची मुभा दिली. त्यात खिशातून वेगळे काही जात नसल्यामुळे त्याला दान म्हणावे की मतदान, हा प्रश्नच आहे.

आपल्याकडे मात्र गेल्या काही वर्षांत एक मोठा बदल गाजावाजा न होता झाला. २०२०-२१पासून आलेल्या नव्या करपद्धतीत कमी दराच्या बदल्यात बहुतेक वजावटी गेल्या, त्यांत ऐंशी-जीही गेली. २०२३-२४पासून नवी पद्धत हीच मूळ पद्धत ठरली. २०२५च्या अर्थसंकल्पानंतर १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तिच्यात कर उरला नाही. ज्या कंपन्यांनी २२ टक्क्यांचा सवलतीचा दर घेतला, त्यांनाही या वजावटीचा लाभ नाही. म्हणजे मध्यमवर्गाला दानासाठी दिलेले सरकारी उत्तेजन, कोणी संसदेत ‘दानाची सवलत रद्द’ असे न म्हणता, बहुतेकांच्या बाबतीत संपले. अमेरिकेत २०१७च्या कर कायद्याने असेच झाले होते. प्रमाणित वजावट जवळपास दुप्पट झाली, त्यामुळे खर्च तपशीलवार दाखवणारे करदाते सुमारे ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या आसपास आले. त्यामुळे दानात सुमारे २० अब्ज डॉलरची घट झाल्याचा अंदाज अर्थतज्ज्ञांनी नंतर काढला.

नियमांचा कल कुठे आहे हेही पाहण्यासारखे आहे. ऐंशी-जीला रोख देणगी फक्त २,००० रुपयांपर्यंत चालते आणि वस्तुरूप देणगी अजिबात चालत नाही. अन्नछत्राला दिलेले गव्हाचे पोते, घाटी रुग्णालयात नातेवाइकांसाठी वाटलेली ब्लँकेटे, शाळेला दिलेला संगणक यांना वजावट नाही. मराठवाड्यात सुगी झाली की धान्याने देण्याची रीत आहे, ती या कलमाला दिसतच नाही. संस्थांना दरवर्षी ३१ मेपर्यंत प्रत्येक देणगीदाराचा तपशील ‘१० बीडी’ अर्जात भरावा लागतो. तो चुकला की दिवसाला २०० रुपये शुल्क, आणि दात्याची वजावट अडकते ती वेगळीच. खोट्या पावत्यांचा धंदा बंद व्हावा म्हणून हे केले आणि ते योग्यच होते. पण त्याचा भार चार्टर्ड अकाउंटंट परवडणाऱ्या मोठ्या संस्थेला जाणवत नाही, दोन शिक्षकांनी चालवलेल्या वाचनालयाला जाणवतो. दुसरीकडे निनावी देणगीवर संस्थेला ३० टक्के कर आहे, पण निव्वळ धार्मिक न्यासाला नाही. दानपेटीत नोट टाकणाऱ्याला नाव-गाव कोणी विचारत नाही. आपल्या दानाचा ओघ देवळाकडे का, असे विचारणाऱ्यांनी श्रद्धेबरोबर हेही कलम वाचावे.

कराच्या बाबतीत एक जुनी आठवण नोंदवायला हवी. १९५३ ते १९८५ या काळात भारतात वारसा मालमत्तेवर इस्टेट ड्युटी होती, सर्वांत वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेलेला. मेल्यावर सरकारला देण्यापेक्षा जिवंतपणी न्यास काढलेला बरा, हा हिशेब तेव्हा अनेक धनिक घराण्यांनी केला. तो कर गेला, २०१५मध्ये संपत्ती करही गेला. वारसा कराचे नाव काढले की राजकारणात गदारोळ होतो, त्यामुळे ती वाट सध्या बंद समजावी.

गाजर काढून घेतले जात असताना सरकारने दुसऱ्या हातात काठी घेतली. कंपनी कायदा २०१३चे कलम १३५ एप्रिल २०१४पासून लागू झाले. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी निकष लागू झाला तरी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करायचे. सुरुवातीला ‘खर्च करा, नाहीतर कारण सांगा’ अशी सैल भाषा होती. २०२१च्या जानेवारीपासून न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात किंवा ठरावीक निधीत टाकणे बंधनकारक झाले, न केल्यास दंड. आणि हा खर्च व्यवसायाचा खर्च म्हणून करातून वजा होत नाही. मग याला दान म्हणायचे की नाव बदललेला कर? मी कर म्हणेन, फक्त तो कुठे खर्चायचा हे भरणारा ठरवतो.

तरीही वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्याच्या वसाहतींनी वेढलेल्या या शहरात त्याचे फळ दिसते. कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे असे कलमातच म्हटले आहे. खाम नदीचे उदाहरण घ्या. शहराच्या मधून वाहणारी ही नदी लोकांच्या लेखी नाला झाली होती. महापालिका, छावणी परिषद, व्हेरॉक कंपनी आणि इकोसत्त्व ही संस्था यांनी मिळून तिच्या काठाची सफाई, कचऱ्याचे व्यवस्थापन आणि वृक्षलागवड हाती घेतली. शाळांची मुले आणि रहिवासी त्यात आले. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या शहरांसाठीच्या पुरस्काराच्या २०२३-२४च्या अंतिम फेरीत हे काम पोहोचले. कंपनीचा पैसा, पालिकेची जमीन व यंत्रणा आणि लोकांचे हात एकत्र आले, म्हणून हे झाले. यातले कोणतेही एक काढले तर बाकीचे दोन फलक लावून मोकळे झाले असते.

दोन टक्क्यांची मर्यादाही इथेच कळते. वाळूजमध्ये मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे उद्योजक आहेत, ते या निकषांच्या खाली राहतात. कायद्याने त्यांना भाग पाडले नाही आणि नव्या करपद्धतीने त्यांना उत्तेजनही ठेवले नाही. ऑक्टोबर २०१०मध्ये याच शहरातल्या व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका दिवसात १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या होत्या, ६५ कोटींच्या. देशभर बातमी झाली. त्यावर नाके मुरडली गेली, पण मला त्यात उपयोगाचे काही दिसते. एकेकट्याने ज्यांनी कदाचित गाडी घेतली नसती, ते गटात सामील झाले. सगळे घेत आहेत आणि एकत्र घेतल्यावर काही पदरात पडते आहे, या दोन गोष्टींनी शहर हलले. दानाचे धोरण आखणाऱ्याने ही बातमी कापून ठेवायला हवी होती.

सक्तीचा दुसरा नमुना धर्मादाय रुग्णालयांचा. न्यास म्हणून सवलती घ्यायच्या आणि गरिबाला दारात उभे करायचे नाही, या तक्रारींतून विश्वस्त व्यवस्था कायद्यात कलम ४१ क क आले. उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना २००६पासून सुरू झाली. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार, दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार. योजना चांगली आहे, पण तिची माहिती असलेला माणूस रुग्णासोबत असावा लागतो. सक्तीने खाट मिळते, आपुलकी मिळत नाही, असे कोणी म्हणेल. आजारी माणसाला आधी खाट हवी असते.

आता भागीदारीकडे वळू, कारण माझा भर तिच्यावर आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर मदतीचा पूर आला. सरकारने दात्यांना गावे दत्तक घ्यायला सांगितले. जमीन, आराखडा, रस्ते-पाण्याची सोय सरकारची, घरे बांधण्याचा भार देणगीदार संस्थांचा. लातूर-धाराशिवची ५२ गावे नव्या जागी वसली. त्यांच्या आखणीवर टीका झाली आणि ती रास्त होती. घरे शहरी वसाहतीसारखी झाली, गोठ्याला जागा उरली नाही. पण देणाऱ्याला ‘माझे पैसे कुठे गेले’ याचे उत्तर डोळ्यांनी दिसत होते.

२०१७मध्ये राज्य सरकारने गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आणली. तिची ढोबळ विभागणी साधी होती. पोकलेन-जेसीबी स्वयंसेवी संस्था किंवा कंपनीच्या सीएसआरमधून, डिझेल सरकारचे आणि गाळ शेतापर्यंत नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांचे ‘नाम फाउंडेशन’ मराठवाड्यात २०१५पासून काम करत होतेच, अशा संस्थांना या विभागणीने सरकारी जोड मिळाली. २०२३मध्ये योजना नव्याने आली तेव्हा अल्पभूधारकांच्या वाहतुकीसाठीही अनुदान ठेवले गेले. इथे दात्याच्या एका रुपयाला सरकारचा आणि शेतकऱ्याचा रुपया येऊन मिळतो, आणि उन्हाळा संपायच्या आत तलाव खोल झालेला दिसतो.

दुसऱ्याची भर पडते म्हणून देण्याच्या या ओढीला प्रयोगाचा आधार आहे. डीन कार्लन आणि जॉन लिस्ट या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या एका संस्थेच्या ५० हजारांहून अधिक जुन्या देणगीदारांना पत्रे पाठवली. काहींना लिहिले, तुम्ही जेवढे द्याल तेवढी भर दुसरा दाता टाकेल. काहींना सांगितले, दुप्पट भर, काहींना तिप्पट. २००७मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भर पडणार म्हटल्यावर देणाऱ्यांचे प्रमाण २२ टक्क्यांनी वाढले, दर पत्रामागची रक्कम १९ टक्क्यांनी. पण दुप्पट-तिप्पटने आणखी फरक पडला नाही. म्हणजे सरकारने फार उदार व्हायची गरज नाही, रुपयाला रुपया पुरतो. त्याच सुमारास झालेल्या इतर प्रयोगांत असेही दिसले, की तेवढीच सवलत करपरताव्यासारखी नंतर दिली तर लोक कमी हलतात आणि ‘भर’ म्हणून संस्थेच्या पदरात टाकली तर जास्त.

छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हा नियोजन समितीकडे दरवर्षी निधी येतो. त्यातला छोटासा भाग बाजूला काढून जिल्हा परिषदेच्या शाळा, गावतळी आणि वाचनालये यांच्यासाठी लोकांनी जमवलेल्या रकमेला तेवढीच भर घालण्याची तरतूद करता येईल. अटी दोनच असाव्यात, संस्थेचे लेखापरीक्षण झालेले असावे आणि जमाखर्च गावच्या फलकावर लागावा. धान्य आणि श्रमदान यांचीही किंमत धरावी. पुढच्या बैठकीत एखाद्या सदस्याने हा ठराव मांडावा. आणि वाचकांपैकी जे कोणी यंदा कुठे देणगी देणार असतील, त्यांनी वजावट मिळो न मिळो, पावती, न्यासाचा नोंदणी क्रमांक आणि गेल्या वर्षीचा ताळेबंद, तिन्ही मागून घ्यावेत. जी संस्था ते आनंदाने दाखवते, तिलाच पैसे द्यावेत.